दुसरी आय

आमच्या घरात सहा वर्षं एकच विनोद चालला. तो आईने काढला आणि आईनेच टिकवला. कॉलेजातून आले की मी फोनवर कुणाशी तरी तावातावाने बोलत असायचे, "आयआर कधी येणार ते स्पष्ट सांगा," आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "एक आय घरात हाय ती पुरत नाय का गं? दुसरी कशाला आणतेस?" परळला आमच्या मजल्यावर आईला आय म्हणणारे अजून बरेच आहेत, त्यामुळे विनोद शेजारीपाजारी लगेच पोचला. गॅलरीत कुणी भेटलं की विचारायचं, "काय टीचर, दुसरी आय आली का?" मी टीचर नाही, प्राध्यापक आहे, हे सांगणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. आय आली नव्हती, हे मात्र खरं होतं.

आयआर म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर. एखाद्या पदार्थावर डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश टाकायचा. पदार्थातले रेणू त्यातला आपापल्या आवडीचा भाग खाऊन टाकतात, उरलेला पुढे जातो. काय खाल्लं आणि किती खाल्लं, याची एक वरखाली जाणारी रेघ, म्हणजे स्पेक्ट्रम, मिळते. ती वाचता आली की बाटलीत काय आहे ते सांगता येतं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात हे यंत्र नसणं म्हणजे गाण्याच्या क्लासात पेटी नसणं. आणि आमच्याकडे नव्हतं. मुलांचे संशोधनाचे नमुने आम्ही छोट्या बाटल्यांत भरून दुसऱ्या संस्थांमध्ये पाठवायचो आणि त्यांच्या सवडीची वाट बघायचो. शिकवायला होते अशा रेघांचे झेरॉक्स. झेरॉक्सचे झेरॉक्स, त्यांचेही झेरॉक्स.

एकदा तोंडी परीक्षेत एका मुलीने अशाच एका कागदावर रेघेतल्या एका खड्ड्याचं अगदी व्यवस्थित स्पष्टीकरण दिलं. कुठला बंध, तो कसा ताणला जातो, सगळं. तो खड्डा नव्हताच. मूळ प्रतीवर कुणाच्या तरी कपातला चहाचा थेंब पडला होता आणि त्याची कड झेरॉक्स होत होत रेघेला जाऊन मिळाली होती. बाहेरून आलेले परीक्षक हसू दाबत होते. मी तिला पूर्ण मार्क दिले, कारण चूक तिची नव्हती. त्या संध्याकाळी घरी येऊन मी पहिला अर्ज लिहायला बसले.

मी मुळातच तापट आहे आणि सरकारी कागदांनी माझ्यात काही सुधारणा केली नाही. पहिल्या वर्षी एका कार्यालयातून विचारणा आली, 'सदर उपकरणावर एका वेळी किती विद्यार्थी बसू शकतील?' मी उत्तरात लिहिलं, 'सदर उपकरणावर कुणीही बसू नये.' आमच्या प्राचार्यांनी तो कागद माझ्यासमोर फाडला आणि दुसरा लिहून घेतला. हे प्राचार्य वाणिज्य शाखेचे, शांत, पोटभर हसणारे गृहस्थ. सहा वर्षं माझ्या अर्जांवर सह्या करताना त्यांनी एकदाही 'पुरे करा आता मॅडम' म्हटलं नाही. कधी तीन कोटेशनं हवी असायची आणि तिसरं येईपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. कधी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मधल्या वाटेतच मुक्काम करायची. ते यंत्र नेमकं काय करतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला हवं आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. अशा माणसावर मी नंतर काय ओरडले, ते पुढे येईलच.

मंजुरी आली तेव्हा खोलीचा प्रश्न निघाला. मुंबईची हवा या यंत्राची वैरीण. त्याच्या आतल्या काही काचा खरं तर काचेच्या नसतात, मिठाच्या भावकीतल्या एका क्षाराच्या असतात. ओल लागली की पाघळतात. आमचं कॉलेज गिरगावात, फणसवाडीपासून चालत पाच मिनिटांवर, आणि इमारत इतकी जुनी की पावसाळ्यात खडूसुद्धा मऊ पडतो. तरी एक खोली मिळवली, भिंतींना गिलावा करून घेतला, एसी लावला, हवेतली ओल ओढणारं यंत्र लावलं. एका यंत्रासाठी दोन यंत्रं आधी येऊन बसली.

खोकं आलं ते नेमकं गणपतीच्या तोंडावर. गल्लीत मांडवाचे बांबू पडलेले, टेम्पो आत येईना. चार माथाडी कामगार नाक्यापासून ते हातगाडीवर घेऊन निघाले. खोक्यावर एक स्टिकर होता, खोकं जास्त कललं की लाल होणारा. मी त्याच्यावर डोळे लावून हातगाडीबरोबर चालत होते आणि दर दहा पावलांना "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते. शेवटी त्यांच्यातला म्होरक्या वैतागला. "मॅडम, आत मूर्ती हाय का?" मी म्हटलं, "तसंच समजा." त्यानंतर मात्र त्यांनी ते तीन जिने इतकं अलगद चढवलं की मला कृतज्ञतेने रडू आलं. स्टिकर पांढरा राहिला.

कंपनीच्या इंजिनीअरने दोन दिवसांत जोडणी केली. लहान चणीचा, मितभाषी माणूस. आमचं यंत्र नव्या पद्धतीचं होतं. वर एक धातूची चकती आणि तिच्या मधोमध टिकलीएवढा हिरा. पदार्थ त्या हिऱ्यावर ठेवायचा, बस. प्रकाश खालून येतो, हिऱ्याला जे टेकलेलं असेल त्याला चाटून परत जातो. "हिरा? खरा?" प्राचार्यांनी तीनदा विचारलं. कृत्रिम पण खराच, असं इंजिनीअरने तीनदा सांगितलं.

उद्घाटनाला नारळ फोडायचा की नाही यावर माझा आणि कार्यालयाचा वाद झाला. मी पाण्याचा थेंब आत येऊ देणार नव्हते. शेवटी नारळ बाहेर व्हरांड्यात फुटला आणि आत फक्त माणसं आली. टाळ्या, फोटो, पेढे. सगळे गेल्यावर मी दार लावलं, विद्यार्थ्यांना जवळ बोलावलं आणि हिऱ्यावर चिमूटभर बेन्झॉइक अ‍ॅसिड ठेवलं. त्याची रेघ मला झोपेतही काढता येते.

पडद्यावर जी रेघ आली ती बेन्झॉइक अ‍ॅसिडची नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यात आणखी काहीतरी शिरलं होतं. जिथे सपाट असायला हवं तिथे टोकदार खड्डे. मी पुन्हा काढली. पुन्हा तेच. सहा वर्षं, तीन जिने, आणि आता आतली काच पाघळली असणार. मी इंजिनीअरला फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, रेघेचा फोटो पाठवा." पाठवला. मिनिटभराने त्याचा फोन आला. "मॅडम, तूप आहे हे. थोडी साखर पण दिसते."

मी पेढ्याच्या बॉक्सकडे बघितलं. मग हिऱ्याकडे. मग माझा आरडाओरडा ऐकून दार उघडून उभ्या राहिलेल्या प्राचार्यांकडे. ते लगेच म्हणाले, "मी फक्त बोट टेकवून बघितलं हो. हिरा म्हणालात ना तुम्ही!"

आमच्या यंत्राने काढलेला पहिला स्पेक्ट्रम हा असा पेढ्याचा आहे. स्पिरिटने पुसल्यावर सगळं जागेवर आलं, पण माझा राग जागेवर यायला तयार नव्हता. मी विद्यार्थ्यांसमोर प्राचार्यांना बोलले. "सर, ही काय प्रसादाची जागा आहे का?" असं काहीतरी. त्यांनी कान पकडले. मी तरीही थांबले नाही. ड्रॉइंगचा जाड कागद घेतला, लाल मार्कर घेतला आणि दोन-दोन इंचांच्या अक्षरांत लिहिलं: हात लावू नये. खाली दुहेरी रेघ. यंत्राच्या बरोबर वर भिंतीवर चिकटवलं, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

आता आईबद्दल सांगायला हवं.

आईने एका मोठ्या संस्थेत सत्तावीस वर्षं सफाईचं काम केलं. मिल बंद पडल्यावर बाबा घरी बसले, तेव्हापासून घर तिच्या त्या नोकरीवर चाललं. तिच्या वाट्याला यंत्रांच्या खोल्या होत्या. संस्था टाकून द्यायची ते लांबलचक कागद ती घरी आणायची. एका बाजूला वरखाली जाणाऱ्या रेघा, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, त्रिकोण काढले, निबंध खरडले. वह्या फक्त शाळेत दाखवायच्या अभ्यासासाठी. एम.एस्सी.ला पुस्तकात पहिल्यांदा स्पेक्ट्रम पाहिला तेव्हा मी भर वर्गात मोठ्याने "अगंबाई!" म्हणाले होते. माझ्या दहावीच्या गणितांच्या पाठीमागे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

असं असूनही मी बावीस वर्षं शिकवते त्या कॉलेजात आई एकदाही आली नव्हती. स्नेहसंमेलनाला बोलावलं, नाही. माझ्या पीएच.डी.च्या सत्काराला बोलावलं, तेव्हाही गुडघे दुखले. "कालेजात जाऊन मी काय करू? तसल्या इमारतींत लय वर्षं काढली मी. आता रिटायर झाले," असं म्हणायची. मला वाईट वाटायचं. मी पन्नाशीला आले, केस पिकले, माझे विद्यार्थी विभागप्रमुख झाले, तरी मला आईची शाबासकी हवी होती आणि ती तिने माझ्या खोलीत, माझ्या यंत्रासमोर उभं राहून द्यायला हवी होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगून मिळालेल्या शाबासकीत मजा नसते.

यंत्र आल्याला महिना झाला असेल. एका रविवारी विहारातून आल्यावर ती आपणहून म्हणाली, "बाय, चल एकदा. बगू तरी तुजी ती दुसरी आय कशी दिसते." मी लगेच दिवस ठरवला, तिचं मन बदलायच्या आत.

ती पांढरी इस्त्रीची साडी नेसून आली. प्राचार्य फाटकाशी येऊन उभे होते. तिला आधार देत, थांबत थांबत, त्यांनी तिला तीन जिने चढवले. वाटेत त्यांनी पेढ्याची गोष्ट स्वतःच सांगितली, स्वतःला बरीच नावं ठेवून, आणि ती खळखळून हसली. मी आनंदाने नुसती फुलून गेले होते. खोलीच्या दारात तिने चपला काढल्या. नको म्हटलं तरी काढल्याच. प्राचार्य "बघा निवांत" म्हणून खाली गेले.

आत आल्यावर तिने आधी जमिनीकडे पाहिलं. मग कोपऱ्यांकडे. "लाद्या बऱ्या ठेवल्यात," म्हणाली. "एसीखाली पाणी गळतं वाटतं, बघून घे." मग तिची नजर यंत्राकडे गेली आणि ती थांबली. टेबलापासून चांगली चार पावलं लांब.

मी सांगायला सुरुवात केली. हा दिवा, हा आरसा, हा हिरा. वर्गात सांगते त्याहून चांगलं सांगितलं. ती मान डोलवत होती, पण पुढे येईना. "अगं ये ना जवळ. इथून दिसतो हिरा." ती म्हणाली, "दिसतंय मला. डोळ्यांचं आपरेशन झालंय." तिने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले होते. मला आधी वाटलं, दमली असेल. खुर्ची पुढे केली, तीही टेबलाजवळ. तिने ती ओढून भिंतीशी नेली आणि मग बसली.

"आई, काय झालं?"

"काय नाय गं. लिवलंय ना तिथं." तिने हनुवटीने वर दाखवलं. "हात लावू नये. अक्षर तुजंच हाय ना?"

मी म्हटलं, "अगं, ते तुझ्यासाठी नाही."

"मग कुणासाठी?"

ती रागावली नव्हती. उलट तिच्या आवाजात थोडी गंमतच होती. तिने सांगायला घेतलं. मला ठाऊक नसलेली गोष्ट. कामाला लागली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी चाळीत बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा, तिथे ती शिकली. कामावरच्या एका खोलीत मोठ्या यंत्राच्या वर पाटी होती. रोज तिच्याखाली लादी पुसायची. एके दिवशी पुसता पुसता वर बघितलं आणि ती पाटी तिला आपोआप वाचता आली. "कुणी सांगितलं नाय, काय नाय. आपलं आपण वाचलेलं माजं पयलं वाक्य. हात लावू नये." ती हसली. "मला इतका आनंद झाला. मग म्हटलं, अरे, हे तर आपल्याला म्हायती होतं."

लहानपणी कोकणात तिच्या गावाला विहिरीवर पाणी वरून ओतून मिळायचं, ओंजळीत. विहिरीला, पोहऱ्याला, दोरीला हात लावायचा नाही. हे मी तिच्याकडून शंभरदा ऐकलं आहे. जयंतीच्या भाषणांत मी स्वतः ते सांगितलं आहे, व्यासपीठावरून, आवाज चढवून. आणि तेच तीन शब्द लाल मार्करने, दोन-दोन इंचांच्या अक्षरांत, खाली दुहेरी रेघ मारून मीच भिंतीवर लावले होते. लावून मला बरं वाटलं होतं. माझ्या कानांतून वाफा निघाव्यात इतकी मला लाज वाटली.

मी उठून कागद ओढून काढला. एका कोपऱ्याला भिंतीचा रंग निघाला.

"अगं राहू दे," आई म्हणाली. "महागाचं मशीन हाय. पोरं चिकट हात लावतील. मला काय वाईट नाय वाटलं. मला सवय हाय."

"मला नाही," मी म्हटलं. "इकडे ये. आई, हे मशीन हात लावल्याशिवाय चालतच नाही. खरं सांगते. त्याला काहीतरी टेकलं तरच त्याला दिसतं. लांबून ते आंधळं आहे."

ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली. मी तिची समजूत घालायला काहीतरी रचते आहे का, हे ती तपासत असावी. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, टेबलाजवळ आली. पदराने उजवा हात पुसला, दोनदा. मी तिची तर्जनी धरली आणि हिऱ्यावर टेकवली. वर्षानुवर्षं फिनेलच्या पाण्यात गेलेलं बोट, टोकाला कातडं गुळगुळीत झालेलं. बँकेच्या मशीनवर तिचा अंगठा कधी उमटत नाही, दर वेळी दुसरा पुरावा मागतात.

"दाबू?"

"जरासं."

मी स्कॅन चालू केला. पडद्यावर डावीकडून रेघ निघाली. आधी एक रुंद, सुस्त खड्डा. "हे पाणी," मी म्हटलं. "आपल्या कातडीतलं." मग शेजारी-शेजारी दोन टोकदार. "हे तेल." "सकाळी डोक्याला लावलंय," ती म्हणाली. मग पुढे खोल, जोडीने आलेले दोन. "आणि हे तू. कातडं, मांस ज्याचं बनतं ते." ती डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती. तिने तसल्या हजारो रेघा गोळा करून माझ्यासाठी घरी आणल्या होत्या, पण त्यांतल्या एकीचाही अर्थ तिला आजवर कुणी सांगितला नव्हता. मीही नाही. मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

"हे माजं?"

"तुझं."

"आणि दुसऱ्या कुणाचं काढलं तर?"

"तेल कमी-जास्त होईल. बाकी हेच."

"कुणाचं बी?"

"कुणाचंही, आई."

यंत्राने बारीक आवाज केला आणि रेघ पूर्ण होऊन थांबली. एसीच्या गारव्यात तिच्या हातावर काटा आला होता.

"झालं," मी म्हटलं. "काढ आता बोट."

"थांब गं जरा," आई म्हणाली.

तिने बोट हलवलं नाही. मी डोळे पुसले आणि पुन्हा एकदा स्कॅन चालू केला.